गाडीच्या मागे जा, म्हणजे नेमकं काय करू?

मोटारसायकल तुम्ही चालवताय. मागे एक जाडजूड गृहस्थ बसलेत, हातात बंदूक. शेजारून आगगाडी धडधडत निघालीय आणि तिच्या टपावर चार गुंड उभे आहेत. पडद्यावर हुकूम उमटतो: गाडीचा पाठलाग करा. आज्ञाधारक माणूस काय करील? गाडीच्या मागे लागेल. आणि हरेल. कारण खरं काम गाडीच्या मागे जाण्याचं नाहीच. गाडीच्या बाजूने, शेजारच्या रुळांवरून, जरा अंतर राखून अशा बेताने मोटारसायकल हाकायची, की मागच्या गृहस्थांना टपावरचे गुंड दिसावेत आणि त्यांचा नेम बसावा. ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगत नाही. मागचे गृहस्थ तर मुळीच नाहीत. ते निवांतपणे डब्यांच्या पत्र्यावर गोळ्या झाडत राहतात. गाडी हातची गेली की मात्र त्यांना कंठ फुटतो आणि ते तुम्हालाच सुनावतात, की बाबा रे, एका गाडीच्या मागे जायचं काम, तेवढंही तुला जमू नये?

हा प्रसंग 2004 साली आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' या खेळातला. गृहस्थांचं नाव बिग स्मोक. त्यांचं ते सुनावणं जगभरच्या पोरांनी इतक्या वेळा ऐकून घेतलं, की पुढे त्याचा जागतिक विनोद झाला. मला त्यात विनोदापेक्षा ओळखीचा भाग जास्त वाटतो. नेम चुकला त्यांचा आणि नापास झालो आपण. अशा साहेबाच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला बिग स्मोक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मी हे सगळं शिकलो ते शहपुऱ्यात बसून. शहपुरा म्हणजे जबलपूरच्या पश्चिमेला तीस-पस्तीस किलोमीटरवरचं, नर्मदेजवळचं तहसिलीचं गाव. हिवाळ्यात मटारच्या गोण्यांनी भरलेल्या ट्रॉल्या बाजाराकडे निघाल्या की रस्त्यावर माणसाला जागा उरत नाही. उन्हाळ्यात मटार नसतो, त्याऐवजी नातवंडं येतात. एक पुण्याचं, एक जबलपूरचं. दोघांची मराठी वेगळी, आमरस कसा खावा याबद्दलची मतं वेगळी, पण दोघं अडकतात ते नेमके एकाच मिशनवर. मग मला हाक येते, "आजोबा, याला काय पाहिजे तेच कळत नाहीये." मला तरी कुठे कळतंय? पण हे वाक्य मी चाळीस वर्षं कचेरीत मनातल्या मनात म्हणत आलो असल्यामुळे आस्थेने जाऊन बसतो.

या खेळांना सँडबॉक्स म्हणतात. एक अख्खं शहर किंवा अख्खा मुलूख तुमच्या पुढ्यात टाकलेला असतो. कुठेही जा, काहीही करा, मुक्काम केव्हाही हलवा. अधूनमधून कोणीतरी भेटतो आणि काम सांगतो. काम केलं की गोष्ट पुढे सरकते. योजना छान आहे. घोटाळा आहे तो काम सांगणाऱ्याच्या तोंडात.

काही खेळांना तर तोंडच नव्हतं. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने 2009 च्या मे महिन्यात 'माइनक्राफ्ट' लोकांपुढे ठेवला, आणि पुढेही बराच काळ त्यात सूचना नावाचा प्रकार जवळजवळ नव्हताच. तुम्ही एका चौकोनी जगात उभे. चौकोनी गवत, चौकोनी गायी. सूर्यसुद्धा चौकोनी. करायचं काय? कोणी बोलत नाही. दिवस दहा मिनिटांचा असतो. तो गायींकडे बघण्यात गेला की रात्र पडते, आणि अंधारातून एक हिरवा, मुका प्राणी तुमच्याजवळ येऊन फुटतो. तुम्ही मरता. मेल्यावर एवढंच समजतं, की दिवसा काहीतरी करायला हवं होतं. ते काहीतरी म्हणजे झाडाला बुक्क्या मारणं. नुसत्या हाताने खोडाला बुक्क्या मारल्या की लाकूड मिळतं, लाकडापासून फळ्या, फळ्यांपासून कामाचं टेबल, टेबलावर कुदळ. शहाण्या माणसाला झाडाला बुक्क्या माराव्यात हे आपण होऊन कसं सुचावं, हे मला अजून उमगलेलं नाही. पोरांना सुचतं.

पुढचं तर त्याहून अद्भुत. तप्त लाव्ह्यावर पाणी पडून होणारा काळा दगड कमीत कमी दहा ठोकळे जमवायचा, त्याची उभी चौकट रचायची, तिला चकमकीने आग लावायची, की नरकाचं दार उघडतं. त्या नरकातल्या एका प्राण्याची भुकटी आणि वरच्या जगातल्या दुसऱ्या प्राण्याचा मोती एकत्र करून डोळे बनवायचे. ते डोळे जमिनीखाली गाडल्या गेलेल्या एका किल्ल्यातल्या बारा खाचांमध्ये बसवायचे. मग दुसरं दार, मग राक्षसी पक्ष्यासारखा ड्रॅगन. सत्यनारायणाच्या पूजेचीसुद्धा यादी भटजी आधी देतात हो! इथे बारा डोळे लागतील हे एका अक्षराने सांगितलेलं नव्हतं. पुरा खेळ 2011 च्या नोव्हेंबरात आला, 2014 साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली, आणि कुठली वस्तू कशापासून बनते ते दाखवणारं पाककृतींचं पुस्तक खेळात आलं 2017 साली. तोवर कोट्यवधी पोरं कुदळी बनवून मोकळी झाली होती.

कशी? तर ऐकून. आमच्या जबलपूरच्या नातवाला चौकटीचं गुपित वर्गातल्या एका मुलाने सांगितलं. त्याला त्याच्या दादाने, दादाला शिकवणीतल्या कोणीतरी. आपल्याकडे वेद टिकले ते याच पद्धतीने, तेव्हा मी याला नावं ठेवणार नाही. फक्त वेदात पाठभेद कमी आहेत. "आजोबा, अमुक केलं की तमुक मिळतं" यातलं निम्मं निव्वळ थाप असतं आणि ती थाप आहे हे कळायला एक संध्याकाळ जाते.

या मौखिक परंपरेला आपल्या देशात आणखी एक कारण होतं आणि ते जरा लाजेचं आहे. 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' हे खेळ रीतसर विकत घेणाऱ्याला डबीत पुस्तिका मिळे, शहराचा छापील नकाशा मिळे. आपल्याकडे ते आले सायबर कॅफेतून, प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटातल्या चकतीवरून, जिच्यावर मार्करने नाव लिहिलेलं असे आणि तेही बहुधा चुकीचं. पुस्तिका कुठेतरी समुद्रापलीकडेच राहिली. म्हणजे ज्या अस्पष्टपणाबद्दल आपण वीस वर्षं कुरकुरतोय त्यातला काही हिस्सा आपण स्वतः पैसे वाचवून कमावलेला आहे. पुस्तिकेच्या जागी कॅफेत एक वही असायची, तेलकट, कडा दुमडलेली. तिच्यात चीट कोड. बंदुकांचा एक, तब्येतीचा एक, पोलिसांनी पाठ सोडावी म्हणून एक, रणगाडा आकाशातून हजर करायचा एक. काम काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला रणगाडा मिळाला की तो काय करतो, हे त्या काळात कॅफेच्या खुर्चीमागे उभं राहून पाहायला हवं होतं.

पण पुस्तिका हाती असूनही जिथे मात्रा चालत नसे अशी एक जागा 2002 च्या 'व्हाइस सिटी'त आहेच. तिथे एक जमीन-मालमत्तेचा दलाल तुम्हाला बोलावतो. समोर एक इमारत बांधली जातेय, ती त्याला नको आहे. तुम्ही एका व्हॅनमध्ये बसून खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवायचं, एकेक करून चार बाँब उचलायचे आणि इमारतीच्या चार मजल्यांवर नेऊन ठेवायचे. वेळ सात मिनिटांच्या आसपास. इथवर हुकूम स्वच्छ आहे, बिग स्मोकपेक्षा कितीतरी स्वच्छ. अडतं ते पुढे. संगणकावर हे हेलिकॉप्टर नीट उडवायला कळफलकाच्या उजव्या अंगाला असलेले आकडे लागतात. बऱ्याच लॅपटॉपला ते आकडेच नसतात! चार बाँबांपैकी एकही जागेवर न पोचवता हेलिकॉप्टर भिंतीवर आपटून मरणारी एक अख्खी पिढी या देशात आहे. ती आज नोकऱ्यांत स्थिरावलेली, मुलाबाळांची झालेली दिसते, पण तिच्यापुढे हेलिकॉप्टरचा विषय काढून बघा.

आता एक उलटी गोष्ट. हल्ली शहपुऱ्यातली पोरं मोबाइलवर 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी' नावाचा एक खेळ खेळतात. त्यात आपल्याकडच्यासारख्या मोटारसायकली, आपल्याकडच्यासारखे रस्ते, आणि खेळातल्या फोनवरून एखादा नंबर फिरवला की नवी गाडी हजर. उद्दिष्ट? सांगण्यासारखं काही नाही. गाडीवर बसा, हिंडा, आपटा, उठा. मला वाटलं होतं पोरं चार दिवसांत कंटाळतील. छे. ती तासन् तास खुशीत असतात आणि एकानेही येऊन "काय करायचं ते कळत नाही" अशी तक्रार केलेली नाही. यावरून मी असा निष्कर्ष काढला आहे, की काम सांगितलंच नाही तर माणूस सुखात असतो. काम पुरतं सांगितलं तर निदान कामात असतो. जिवाला घोर लागतो तो काम अर्धं सांगितल्यावर.

मराठी माणसाला हे नवं नाही, कारण आपण लग्नघरं पाहिलेली आहेत. लग्नाच्या सकाळी कोणीतरी ज्येष्ठ आत्या तुम्हाला गाठते आणि म्हणते, "अरे, तू असा उभा काय? जरा तिकडचं बघ." तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायचं नसतं. विचारलं तर "आता हेही मीच सांगू?" असं उत्तर येतं. तुम्ही तिकडे जाता. तिकडे एक मामा असतात, तेही तिकडचंच बघत असतात. त्यांना वाटतं तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. तुम्हाला वाटतं त्यांना. दोघं मिळून एक सतरंजी इकडची तिकडे करता. तासाभराने कळतं, की वरपक्षाला चहा नेऊन द्यायचा होता, आणि हे 'सगळ्यांना माहीत होतं'. मिशन फेल. शिवाय ही आत्या बिग स्मोकसारखी एकदा सुनावून थांबत नाही. पुढच्या तीन लग्नांत चहाचा विषय निघतो.

आता शहपुऱ्याकडे वळतो, कारण या बाबतीत आमचं गाव कुठल्याही खेळाला ऐकणार नाही.

समजा तुम्हाला हुकूम आला: जबलपूरला उतरा, तिथून शहपुऱ्याला या. सोपं वाटतं ना? जबलपुरातून एक शहपुरा पश्चिमेला, ते आमचं. दुसरं शहपुरा कुंडमच्या रस्त्याने पूर्वेला, डिंडौरी जिल्ह्यात, तेही तहसिलीचंच गाव. दोन्हीकडे जबलपुरातूनच जातात. एकाला जाणाऱ्या गाडीत बसून दुसऱ्याला पोचण्याची आशा करणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत. बरं, फोन करून "डिंडौरीचं नव्हे" असं बजावावं, तर नाशिकचे नातेवाईक म्हणतात, "दिंडोरी? ती तर आमच्या शेजारी!" भोपाळमध्ये एक शहपुरा आहे, वस्ती आणि तलावासकट. राजस्थानात एक शाहपुरा जयपूरच्या बाजूला आणि एक भिलवाड्याच्या. यातलं भिलवाड्याकडचं पूर्वी संस्थान होतं. 2023 साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 2024 च्या डिसेंबरात तो जिल्हा रद्द झाला. खेळ चालू असताना ठिकाणच नकाशावरून काढून घेण्याची कल्पना अजून कुठल्या खेळवाल्याला सुचलेली नसेल. आणि डोंबिवलीहून निघणारे आमचे एक भाचेजावई शहपुरा म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं शहापूरच समजून "संध्याकाळपर्यंत येऊन परत जातो" म्हणाले होते.

योग्य शहपुऱ्यात पोचलात तरी पत्ता विचारायचा राहतोच. इथला माणूस अगत्याचा. हातातलं काम टाकून तुमच्यासाठी रस्त्यावर येईल, तुम्ही कोण, कुठले, कोणाकडे, हे विचारून घेईल आणि मग हात लांबवून म्हणेल, "बस, तनक आगे." तनक म्हणजे थोडंसं. ते शंभर पावलं असू शकतं, पुढचं गाव असू शकतं. पुढची खूण मिळते ती अशी: "जहाँ पहले पीपल था, वहाँ से मुड़ जाना." पूर्वी जिथे पिंपळ होता तिथून वळायचं! सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो पिंपळ अजून सळसळतोय. त्याला तो दिसतो, म्हणून तुम्हालाही दिसत असणार अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

खेळ बनवणाऱ्यांचंही नेमकं हेच होतं. ज्याने तो मुलूख स्वतः घडवला, त्याला प्रत्येक दार कुठे आहे ते ठाऊक. तो सूचना लिहितो ती त्या ठाऊकपणातून. 2002 साली 'मॉरोविंड' नावाचा एक खेळ आला. त्यात पडद्यावर बाण नाहीत, खुणा नाहीत. लोकांना विचारत जायचं. ते सांगतात: पूर्वेला जा, पूल ओलांड, फाट्यावरून डोंगराच्या कडेने वळ. तुमच्या वहीत ते जसंच्या तसं उतरतं आणि मग तुम्ही चालत सुटता. काही सूचना इतक्या मोघम, की माणूस त्या फाट्याभोवती संध्याकाळभर प्रदक्षिणा घालतो. मुख्य गोष्टीतल्या सुरुवातीच्याच एका कामात जुन्या पडक्या अवशेषांतून एक चौकोनी पेटी आणायची असते. ती प्रवेशापासून फार लांब नाही, पण अशा कोपऱ्यात ठेवलीय, की लोक ती ओलांडून खोल खोल आत गेले, नको त्यांच्याशी लढले, हात हलवत परत आले. आणि त्याही आधी ज्या माणसाला शोधून टपाल द्यायचं, तो एका छोट्या घरात उघड्या अंगाने बसलेला म्हातारा निघतो. टपाल घेतो आणि म्हणतो, तू अजून कच्चा आहेस, जा, जरा अनुभव घे आणि मग ये. कसला अनुभव, कुठे, किती? ज्या ज्या मराठी मुलाने पदवीनंतर पहिली मुलाखत दिली आहे त्याने हा म्हातारा पाहिलेला आहे. फरक इतकाच, की मुलाखतीतल्याच्या अंगात सदरा होता.

याच मालिकेतला पुढचा खेळ 2006 मध्ये आला आणि त्यात पडद्यावर होकायंत्र आणि त्यावर खूण आली. इकडे जा, इथे वळा, हे घ्या. तेव्हापासून बहुतेक खेळांत बाण आहे. बाणावर माझा राग आहे. मुलगा बाणाकडे बघत पळतो, दोन्ही बाजूंना एवढे डोंगर, नद्या, वाडे कोणी खपून उभे केलेले, त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. पेटी सापडते, पण कुठे सापडली हे त्याला विचाराल तर सांगता येत नाही. म्हणजे मघाशी अडाण्यासारखा फाट्याभोवती फिरत होता तो निदान फाटा तरी ओळखायचा. तेव्हा मला अस्पष्टपणाविरुद्ध सरसकट बोलायचं नाही. पेटी कुठे आहे हे लपवा, खुशाल लपवा. माझं भांडण दुसऱ्याच लपवण्याशी आहे.

ते असं. 2018 चा 'रेड डेड रिडेम्प्शन 2' बघा. घोड्यावरून दिवसच्या दिवस हिंडा, मासे धरा, हरणामागे जा, कोणी अडवत नाही. कोणीतरी काम सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात, की मोकळा मुलूख गायब. साथीदार ज्या वाटेने चाललाय तीच वाट. बाजूच्या टेकडीवरून वळसा घालून शत्रूला गाठावं अशी तुम्ही हुशारी केलीत, की काम फसल्याचा शेरा पडद्यावर. अरे, पण वाट सोडायची नाही हे आधी कधी सांगितलं होतं? नियम मोडल्यावरच तो नियम होता हे कळणं, ही खरी चीड आणणारी गोष्ट. उद्दिष्ट धूसर असलेलं चालतं, हरण्याचा नियम धूसर असलेला चालत नाही. बिग स्मोकवरचाही माझा मूळ आरोप हाच आहे. गाडीच्या अगदी जवळ गेलास तर माझा नेम लागत नाही, एवढं एक वाक्य त्यांनी मोटारसायकलवर बसताना उच्चारलं असतं, तर मी त्यांना देवमाणूस म्हटलं असतं.

हे दोन्ही ज्यात बरोबर जमलंय असा एक सँडबॉक्स शहपुऱ्याजवळून वाहतो. नर्मदा परिक्रमा. 1312 किलोमीटरची नदी, दोन्ही काठांनी चालायची. हुकूम एवढाच: नदी उजव्या हाताला ठेवा आणि ती ओलांडू नका. झालं. सुरुवात ओंकारेश्वरहून करा, अमरकंटकहून करा, तुमची मर्जी. परंपरेत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची परिक्रमा सांगितली आहे, पण कित्येकजण काही महिन्यांत करतात. हल्ली बसनेही जातात. रोज कुठवर चालायचं, कुठे निजायचं, खायचं काय, यातलं काहीही ठरवून दिलेलं नाही. वाटेत विचारत जायचं, आणि सांगणारे तेच, "तनक आगे" वाले. पण हरण्याचा नियम पहिल्या दिवशी, पहिलं पाऊल टाकण्याआधी, निरक्षर माणसालाही कळेल अशा शब्दांत सांगितलेला असतो. नदी ओलांडलीत, परिक्रमा मोडली. मुखाशी समुद्राच्या बाजूने नावेतून पलीकडे जायची सूट आहे, तीही आधी सांगून ठेवलेली.

मजा बघा, नकाशा बदलला तरी हा नियम बदलला नाही. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचं धरण झालं, खाली सरदार सरोवर झालं, काठाच्या कितीतरी जुन्या वाटा, घाट, मुक्काम पाण्याखाली गेले. चालणारे जलाशयाला वळसा घालून दूरच्या वाटांनी जाऊ लागले. उद्दिष्टात एका अक्षराची दुरुस्ती करावी लागली नाही. नदी उजवीकडेच. मराठी माणसाला या परिक्रमेचं इतकं वेड का, याची कारणं लोक श्रद्धेत शोधतात. गोनीदांनी तिच्यावर 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी रचली, जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' घरोघरी गेलं. श्रद्धा असेलच, मी नाही म्हणत नाही. पण लग्नघरात "तिकडचं बघ" ऐकत वाढलेल्या माणसाला आयुष्यात एकदा तरी स्पष्ट सूचना मिळते, हेही कारण लहान नव्हे.

नातवांना मी हे सांगून पाहिलं. पुण्याचा म्हणाला, "पण आजोबा, त्यात फास्ट ट्रॅव्हल नाही." जबलपूरच्याने त्याला सांगितलं, की बसवाले आहेत ना.

वाहतुकीवरून आठवलं. ज्यूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मधले फिलिआस फॉग हे सँडबॉक्समधले आदर्श खेळाडू. ऐंशी दिवस, वीस हजार पौंडांची पैज, उद्दिष्ट चकचकीत स्पष्ट. पण हिंदुस्थानात त्यांची गाडी मध्येच जंगलात थांबते. कारण खोल्बी नावाच्या ठिकाणापासून अलाहाबादपर्यंत रूळच टाकलेले नाहीत. पूर्ण मार्ग उघडल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलंय, मुंबई ते कलकत्ता अशी तिकिटंही विकली गेलीत. आणि रेल्वेचा माणूस थंडपणे सांगतो, की मधल्या टप्प्याची सोय आपली आपण बघायची हे प्रवाशांना माहीत असतं. 'सगळ्यांना माहीत असतं'! आमच्या आत्याच त्या. फॉगना दोन हजार पौंडांचा हत्ती घ्यावा लागला. गोष्ट 1872 मधली, आणि गंमत अशी, की प्रत्यक्षात ती लाइन तेव्हा पुरी झालेली होती. अलाहाबाद ते जबलपूर 1867 मध्ये, इटारसीकडून येणारा तुकडा जबलपूरला जुळला तो 1870 च्या मार्चमध्ये. हा दुसरा तुकडा आमच्या गावावरूनच जातो. फॉगसाहेब विचारत विचारत आले असते तर हत्तीचे पैसे वाचले असते.

तेव्हा तुम्ही याल तेव्हासाठी हुकूम पुरता सांगून ठेवतो, मागाहून सुनावणार नाही. शहपुरा नावाचं स्टेशन शोधू नका, ते या मार्गावर नाही. आमच्या स्टेशनचं नाव भिटोनी. पुढे गोटेगावला जायचं असेल तर तिथल्या स्टेशनचं नाव श्रीधाम. आणि जावईबापू, ते तुमचं ठाण्याचं शहापूर, त्याचं आसनगाव. तिकीट भिटोनीचं काढा. गाडी तिथे थांबते का, ते तिकीट काढण्याआधी विचारा. सगळ्याच थांबत नाहीत.